खुलासा : मासे मेले म्हणजे विषच कालवलं, असं नाही

‘कृष्णेत मासे तरंगतायत, कुणीतरी विष टाकलंय’ असा मेसेज सांगलीतल्या ग्रुपवर फिरतोय. पाण्याच्या तपासणीआधी विष नाहीच, असं कुणी छातीठोकपणे सांगू नये. पण मासे मेले म्हणून विषच, हेही चूक. मासे पाण्यातसुद्धा गुदमरतात.

२५ अंशांच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू विरघळतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. पाणी तापलं की त्याहून कमी. त्यात सांडपाणी किंवा साखर कारखान्याचं मळीमिश्रित पाणी मिसळलं की ती घाण खाणारे जिवाणू बेसुमार वाढतात आणि प्राणवायू तेच संपवतात. तो २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे तग धरत नाहीत. बंधाऱ्यात तुंबलेल्या पाण्यात हे लवकर घडतं. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री मात्र स्वतःच वापरतं, त्यामुळे पहाट सगळ्यात वाईट. त्या वेळी मासे वर येऊन आ वासताना दिसले तर गुदमरण्याचा संशय घ्यावा. मरळ, मांगूर हवेतूनही श्वास घेतात. तेवढेच जिवंत राहिले असतील तर संशय आणखी बळावतो.

‘जलपर्णी काढू नका, ती पाण्याला ऑक्सिजन देते’ ही त्याच मेसेजची शेपटी. उलटंच आहे! तिची पानं पाण्याबाहेर, म्हणजे प्राणवायू हवेत; खाली पाण्यात अंधार, आणि ती कुजली की प्राणवायूची आणखी ओढ.

आणि विष नव्हतं म्हणून पाट्या भरून ते मासे घरी नेऊ नका. घाणीचं पाणी तेच आहे.