रूट कॅनाल झालेली दाढ लवंग-तुरटीने भरून येत नाही

‘डिजिटल दातांचा महाघोटाळा’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या पुण्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. तळजाईवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवरून तो माझ्या आत्याकडे पोचला आणि तिने कॅपसाठी, म्हणजे दाढेवर बसवायच्या टोपीसाठी, घेतलेली अपॉइंटमेंट रद्द करून टाकली. तिच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल झालंय, वर फक्त तात्पुरतं सिमेंट आहे. फोन केला तर म्हणाली, “अगं, एवढी शिकलेली माणसं पाठवतायत, काहीतरी तथ्य असेलच ना!” मी दातांच्या लॅबमध्ये कॅपचं डिझाइन करते, माझं रोजचं काम आहे हे. त्यामुळे गप्प बसवत नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: कॅपचं माप घ्यायला तोंडात फिरवतात त्या स्कॅनरमधून मेंदूला घातक किरण जातात. कॅप ज्याची बनते तो झिरकोनिया हा किरणोत्सर्गी धातू आहे. तंत्र नवीन, न तपासलेलं. दात मशीनच बनवतं, डॉक्टर फक्त बटण दाबतो. कॅपसाठी चांगला दात कापतात. आणि हे सगळं टाळून लवंग, तुरटी, हळदीचा लेप २१ दिवस लावला तर तुटलेला दात आपोआप भरून येतो.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण खरं नुकसान त्यातच आहे. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, ज्या पेशी तयार करतात त्या दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. मोडलेलं हाड जुळतं, दात जुळत नाही. कीड अगदी सुरुवातीची असेल, नुसता पांढरट डाग असेल, तर लाळेतली खनिजं आणि फ्लोराइड यांनी तो भाग पुन्हा कडक होऊ शकतो. खड्डा पडला की तो मार्ग बंद.

लवंगेचं एक मान्य करावं लागेल. तिच्यातल्या युजेनॉलने ठणका कमी होतो आणि झिंक ऑक्साइडबरोबर त्याचं तात्पुरतं सिमेंट दवाखान्यातही वापरतात. तात्पुरतं! शिवाय रूट कॅनाल झालेल्या दाढेत नसच उरलेली नसते, ती आतून दुखणारच नाही. ‘लेप लावला आणि दुखणं गेलं’ हा तिथे पुरावा कसा होईल? उलट अशी दाढ आतून पोकळ आणि भिंतींनी पातळ झालेली असते. चावताना जोर त्या भिंतींवर येतो. एखाद्या दिवशी चिक्कीचा तुकडा किंवा भातातला खडा लागतो आणि दाढ उभी चिरते. चीर हिरडीखाली मुळात गेली की दाढ काढण्यावाचून इलाज नसतो. तोवर तात्पुरतं सिमेंट झिजत असतं, कडेने लाळ आणि जंतू आत शिरत असतात, म्हणजे केलेलं रूट कॅनालही वाया. आणि तुरटी? तिचं पाणी आम्लधर्मी असतं. साधारण ५.५ पीएचच्या खाली इनॅमल विरघळायला लागतं. दात वाचवायला म्हणून तीच रोज दातावर चोळायला सांगणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

आता झिरकोनिया. हा धातू नाही. झिरकोनियम धातूचं ऑक्साइड, म्हणजे सिरॅमिक. अफवेचं मूळ कुठे असावं तेही दिसतं. झिरकोनिया ज्यापासून बनतो ते झिरकॉन हे खनिज किनाऱ्यावरच्या वाळूत मिळतं, आपल्याकडे केरळात चवऱ्याला, आणि त्याच वाळूत थोरियम असलेलं मोनाझाइटही असतं. पण दातांसाठी ते शुद्ध करूनच वापरतात. आयएसओ ६८७२ हे दातांच्या सिरॅमिकचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार युरेनियम-२३८ची किरणोत्सर्गिता ग्रॅममागे १ बेकरेलपेक्षा (बेकरेल हे किरणोत्सर्गिता मोजायचं एकक) जास्त असून चालत नाही. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात निव्वळ पोटॅशियममुळे ४,००० बेकरेलच्या वर किरणोत्सर्गिता जन्मभर असते. या आकड्यानंतर त्या मुद्द्यात काय उरलं?

‘नवीन तंत्र’ म्हणावं तर झुरिक विद्यापीठात म्योर्मान आणि ब्रांडेस्टिनी यांनी स्कॅन करून, मशीनवर कोरलेलं पहिलं फिलिंग रुग्णाच्या दातात बसवलं ते १९८५ साली. मशीन एकटं काही करत नाही. स्कॅन आमच्या स्क्रीनवर आला की डॉक्टरांनी घासून बारीक केलेला भाग दातावर जिथे संपतो ती कड मला बिंदू-बिंदूने आखावी लागते. तिथे रक्त किंवा लाळ असेल तर कड पुसट दिसते आणि मी स्कॅन परत पाठवते. मशीनमधून निघालेली कॅप खडूसारखी मऊ आणि मुद्दाम सुमारे २० टक्के मोठी असते. दीड हजार अंशांच्या भट्टीत आकसून ती मापाची आणि कडक होते. मग रंग, चमक, आणि शेवटी डॉक्टर कार्बन पेपर चावायला लावून उंची बघतात.

स्कॅनरमध्ये फक्त प्रकाश आणि कॅमेरा असतो, एक्स-रे नसतोच. पुढे.

कॅपसाठी दात घासून बारीक करावा लागतो, हे मात्र खरं. दाढेला साधारण एक ते दीड मिलिमीटर. पण पूर्वीसारखं पुट्टीने, म्हणजे दातांवर दाबून ठसा घ्यायच्या मऊ लगद्याने, माप घेतलं तरी तो घासावाच लागायचा. साध्या फिलिंगने भागेल तिथे ‘डिजिटल’ म्हणून कॅप गळ्यात मारणारे दवाखाने आहेत, तेही नाकारत नाही. एक्स-रे दाखवायला सांगा, फिलिंग किंवा ऑनले (दाताचा फक्त वरचा काही भाग झाकणारा तुकडा) का चालणार नाही ते विचारा.

आणि हो, महाग पडतं. पैशाची अडचण असेल तर पुट्टीच्या मापावर केलेली धातूची कॅप घाला, मागच्या दाढेला ती उत्तम टिकते. भारती विद्यापीठ किंवा आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला अशा दंत महाविद्यालयांत चौकशी करा. तिथे शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो.