रिंगा बसवून मिळत नाहीत

परवा रात्री सव्वाअकराला भाच्याचा फोन. एवढ्या उशिरा फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो. तर साहेब विचारतात, "मामा, शोरूमवाल्याला सांगू का, डिलिव्हरीच्या आधी गाडी तीनशे किलोमीटर फिरवून ठेव म्हणून? म्हणजे रनिंग-इनची कटकटच नको." रनिंग-इन म्हणजे नवी गाडी सुरुवातीला बेताने चालवून तिचे भाग एकमेकांना जुळू देणं.

भाच्याने बीएमडब्ल्यू एम२ बुक केली आहे. ती बनते मेक्सिकोत, सान लुईस पोतोसीच्या कारखान्यात, आणि येते जहाजाने. त्यामुळे पोरगा दोन महिने नुसता मोबाइलमध्ये डोकं घालून बसलाय. वाट बघणारा माणूस काहीही वाचतो. त्यात त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला: "नवीन गाडी घेणाऱ्यांनो, कंपनी हे तुम्हाला कधीच सांगणार नाही." खाली सात मुद्दे, दोन पिस्टनचे फोटो आणि "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा". पोचवलाय लोकांनी. माझ्याकडेच चौघांकडून आला. पाचव्यांदा आल्यावर लिहायला बसलो.

मी एकोणतीस वर्षं चिंचवडला इंजिनांच्या टेस्ट शॉपमध्ये काढली. डिझेल इंजिनं होती, स्पोर्ट्स कार नव्हत्या, हे आधीच कबूल करतो. पण पिस्टनभोवतीची रिंग ती रिंग आणि पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो बोअर तो बोअर. आणि जिथे मला एम२बद्दल माहीत नव्हतं तिथे मी मॅन्युअल उघडलं. एवढं कष्टाचं काम त्या मेसेजवाल्याने केलेलं दिसत नाही.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. रनिंग-इन ही जुन्या लोकांची अंधश्रद्धा आहे, कंपनी इंजिन कारखान्यातच मोकळं करून पाठवते. तरी भीती वाटत असेल तर शोरूमलाच तीनशे किलोमीटर चालवून 'तयार' गाडी द्यायला सांगा. गाडी हातात आल्यापासून रेडलाइनपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्यावरच्या लाल पट्टीपर्यंत, ताणा, नाहीतर इंजिन जन्मभर सुस्त राहील. पूजा झाली की न्यूट्रलमध्ये तीनदा फुल रेस करा, म्हणजे इंजिन 'उघडतं'. रोज सकाळी वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. शंभर किलोमीटरला ऑइल काढून जाड ऑइल भरा. आणि पहिले पाच हजार किलोमीटर सिंथेटिक ऑइलला हात लावू नका, त्याने रिंगा बसत नाहीत.

एकाच मेसेजमध्ये इंजिन कारखान्यात मोकळं झालेलंही आहे आणि पाच हजारपर्यंत त्याच्या रिंगाही बसायच्या आहेत. मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकालाही हे खटकलं नाही.

सगळ्यात आधी त्या तीनशे किलोमीटरचं बघू, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर इंजिन बिघडेल, याने माणूस जाईल.

एम गाड्यांचं मॅन्युअल काय सांगतं? पहिल्या २,००० किलोमीटरपर्यंत इंजिन ५,५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर नेऊ नका आणि ताशी १७० किलोमीटर ओलांडू नका. फुल थ्रॉटल आणि किकडाउन (ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून गिअर खाली पाडणं) टाळा. एकाच वेगाने चालवत राहू नका, वेग आणि आरपीएम बदलते ठेवा. २,०००ला रनिंग-इन सर्व्हिस करून घ्या. त्यानंतरही ५,०००पर्यंत हळूहळू वाढवत जा. हे झालं इंजिन आणि डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं. त्याच पानावर खाली आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या कोणी वाचतच नाही. नवे टायर पहिल्या ३०० किलोमीटरपर्यंत पूर्ण पकड देत नाहीत. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड एकमेकांत नीट बसायला ५०० किलोमीटर लागतात.

आता हिशोब करा. ४८० पीएसची गाडी, सगळी ताकद मागच्या दोन चाकांना, टायरांवर साच्यातून निघतानाची चकाकी, ब्रेक अजून कोरे. म्हणजे आख्ख्या आयुष्यात गाडी सर्वात कमी पकडते आणि सर्वात कमी थांबते ते हेच तीनशे किलोमीटर. आणि ते कोणाच्या हातात द्यायचे? शोरूमच्या यार्डातल्या एखाद्या पोराच्या, ज्याला संध्याकाळी सहाच्या आत गाडी परत आणून लावायची आहे. तो तिसऱ्या गिअरमध्ये सांभाळून चालवेल की मित्राला शेजारी बसवून बायपासला 'बघू तरी' म्हणेल, हे तुम्हाला कधी कळणार? ओडोमीटरवर ३०० दिसतील. ते कसे झाले ते दिसणार नाही. शिवाय मॅन्युअल म्हणतंय २,०००. तीनशे करून घेतलेत तरी सतराशे तुमच्याच गळ्यात आहेत. मग कटकट वाचली कुठे?

कायद्याचं वेगळंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. शोरूमकडे ट्रेड सर्टिफिकेट असतं, पण ते चाचणीसाठी, गिऱ्हाइकाला दाखवायला, गाडी नेण्या-आणण्यासाठी. तुमच्या गाडीच्या रिंगा बसवायला शोरूमच्या पोराने महाबळेश्वरला जाऊन यावं, यासाठी नाही. आणि मध्ये काही झालं तर विम्याचं काय, हा प्रश्न दाजींनी स्वतःला विचारावा. पुण्यात राहून हे सांगावं लागतं याचंच आश्चर्य वाटतं. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरला ज्या पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, तिची पक्की नोंदणी झालेली नव्हती. भरायची राहिलेली फी होती १,७५८ रुपये. तिथे कारण रनिंग-इन नव्हतं, माहीत आहे. पण नंबर नसलेली जबरदस्त गाडी दुसऱ्याच्या हाती रस्त्यावर सोडणं ही किरकोळ गोष्ट आहे असं निदान या शहरात कोणी म्हणू नये.

मी भाच्याला फोनवर एवढंच म्हणालो, "अरे, तुझ्या आईने तुला चालायला शिकवायला शेजाऱ्याकडे ठेवलं होतं का?" तो हसला, पण पुढे विचारलंच, "मग कारखान्यात मोकळं करून पाठवतात ते?"

पाठवत नाहीत. आमच्याकडे एके काळी प्रत्येक इंजिन डायनोला, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्राला, जोडून डिझेल, पाणी लावून वीसेक मिनिटं चालवायचो. त्यात गळती, ऑइल प्रेशर, धूर, ताकद एवढं बघायचं. ती तपासणी होती. वीस मिनिटांत इंजिन मोकळं होत नाही. आता तर बऱ्याच ठिकाणी कोल्ड टेस्ट करतात, म्हणजे इंधन न घालताच इलेक्ट्रिक मोटरने इंजिन फिरवून सेन्सरवर आकडे बघतात. आणि डायनोवर इंजिन असतं. टायर, ब्रेक, डिफरन्शियल नसतात. डिफरन्शियलचे दात नुसते एकमेकांवर गोल फिरत नाहीत, घसरतातही. नवे असताना तिथे उष्णता होते, बारीक चुरा निघतो. म्हणून तर २,०००च्या सर्व्हिसला इंजिनाबरोबर मागच्या डिफरन्शियलचंही ऑइल बदलतात. सगळं कारखान्यातच झालेलं असतं तर कंपनीने हा खर्च कशाला मांडला असता?

आता रेडलाइनचा मुद्दा. इथे मला दातओठ खाऊन थोडं मान्य करावं लागतंय.

बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे शेवटच्या घासकामाच्या, बारीक तिरक्या रेघा असतात, एकमेकींना छेदणाऱ्या. त्यांत ऑइल धरून राहतं. नव्या इंजिनात त्या रेघांची टोकं आणि रिंगेची कड घासून एकमेकांना जुळतात. त्यालाच आपण रिंगा बसल्या म्हणतो. पण रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीला फार जोरात दाबत नाही. स्फोट झाला की जळलेला वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला भिंतीवर ढकलतो. लोडच, म्हणजे इंजिनावर ओझंच, नसेल तर वायूचा दाब नाही, दाब नाही तर रिंग बसत नाही, आणि बोअर काचेसारखा गुळगुळीत होऊन बसतो. ज्यांना हे बघायचं असेल त्यांनी मंगल कार्यालयांमागचे जनरेटर बघावेत. सव्वाशे केव्हीएचा सेट आणि त्यावर चार ट्यूबलाइट. दोन वर्षांत सायलेन्सरमधून काळं चिकट ऑइल ठिबकायला लागतं. असे सेट मी स्वतः उघडलेत.

तेव्हा गाडीला फुलासारखं जपत चाळीसच्या स्पीडने रेंगाळू नका, एवढं त्या मेसेजचं बरोबर आहे. आमच्या वडिलांनी १९८६ साली प्रीमियर पद्मिनी घेतली तेव्हा मागच्या काचेला 'रनिंग इन' असा कागद चिकटवून ते पुणे-कोल्हापूर दिवसभर हाकत गेले होते. साताऱ्यापर्यंत आम्हाला दोन ट्रॅक्टर सोडून सगळ्यांनी ओव्हरटेक केलं. आज बोअरचं फिनिशिंग त्या काळाच्या कैक पटीने चांगलं येतं, तेवढं रेंगाळायची गरज नाही.

पण लोड आणि आरपीएम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेसेजवाल्याने त्यांची भेळ केली आहे. चौथ्या गिअरमध्ये अडीच हजारावरून निम्मं ॲक्सिलरेटर दाबत चार हजारापर्यंत नेलं, मग पाय काढून गाडी गिअरमध्येच उतरू दिली, की रिंगेला हवा तो दाब मिळतो. त्यासाठी ७,२००ची रेडलाइन गाठायची गरज नाही. वर-खाली होणाऱ्या पिस्टनचा झटका आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५,५००च्या तुलनेत ७,२००ला तो सत्तर टक्क्यांनी जास्त असतो. नव्या रिंगेचे उंचवटे अजून झिजलेले नाहीत. तिथे ऑइलचा थर तुटला की धातू धातूला ओढतो. असा ओरखडलेला लायनर (बोअरची आतली नळी) डोळ्यांआधी बोटाला कळतो, उभं नख फिरवलं की अडकतं. त्यावर औषध नाही, बोअरचंच काम काढावं लागतं.

त्या दोन पिस्टनच्या फोटोंबद्दल काय बोलायचं? एक काळपट, एक स्वच्छ. कुठल्या इंजिनाचे, किती चाललेले, कुठलं ऑइल, काही नाही. माझ्या जुन्या कपाटातून मी याच्या उलट निघणारे दोन पिस्टन अर्ध्या तासात शोधून देतो.

'रेडलाइनला न नेल्यास सुस्त राहतं' म्हणणाऱ्यांनी कॉर्व्हेट बघावी. अमेरिकेतली पक्की स्पोर्ट्स कार, जपून चालवायला कोणी घेत नाही. तिच्या २०१४च्या पिढीत पहिल्या ५०० मैलांपर्यंत टॅकोमीटरवरची लाल पट्टीच ३,५००पासून दाखवलेली असायची. ५०० मैल झाले की आपोआप वर सरकायची. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनी चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लाल रेघ ओढली, आणि आम्ही दाजींचं ऐकायचं.

न्यूट्रलमध्ये फुल रेस करण्याबद्दल मी भाच्याला तोंडावर शिव्या घातल्या, इथे लिहीत नाही. शोरूममध्ये रात्रभर उभी राहिलेली थंड गाडी, हार घातलेला, पाच जण व्हिडिओ काढतायत आणि मालक पाय दाबतोय. ऑइल थंड, जाड. लोड शून्य, म्हणजे रिंगेला फायदा काहीच नाही, आणि आरपीएम वर, म्हणजे तोटा मात्र पूर्ण. 'उघडतं' म्हणजे नेमकं काय उघडतं? पाकीट.

उरलेलं झटपट. सकाळी वीस मिनिटं जागेवर चालवू नका. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त जातं, न जळलेलं भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं. सुरू करा, अर्धा-एक मिनिट थांबा, निघा, ऑइल तापेपर्यंत ताणू नका. सोसायटीतल्या लोकांचीही झोपमोड होणार नाही. जाड ऑइल वगैरे भरून वॉरंटीशी खेळू नका. कोणत्या ग्रेडचं घालायचं ते मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. शंभर किलोमीटरला ऑइल बदलण्यात इंजिनाचा तोटा नाही, पण २,०००ची सर्व्हिस त्याने टळत नाही. आणि सिंथेटिकने रिंगा बसत नाहीत म्हणणाऱ्यांना पुन्हा कॉर्व्हेटच: १९९२पासून ती कारखान्यातूनच सिंथेटिक भरून निघते. तीसहून जास्त वर्षं त्या सगळ्या गाड्यांच्या रिंगा हवेत बसल्या काय?

जहाज येईपर्यंत भाच्याला दोनच कामं दिलीत. मॅन्युअलमधलं रनिंग-इनचं पान वाचायचं. आणि डिलिव्हरीच्या दिवशी टायरवरचा चार आकड्यांचा कोड बघायचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. लांबच्या वाहतुकीत टायर बसू नयेत म्हणून हवा जास्त भरलेली असते, ती उतरवून नेहमीच्या प्रेशरवर आणली का हेही विचारायचं.

काल परत फोन आला. "मामा, पण पूजेला आई म्हणतेय टायरखाली लिंबू ठेवायचं. चालेल ना?"

लिंबू ठेव म्हटलं, नारळ फोड, चाकांना हळद-कुंकू लाव, मॅन्युअलची काही हरकत नाही. फक्त गाडी सुरू झाली की पाय आवर. आणि पहिल्या रविवारी मला घेऊन कात्रजच्या जुन्या घाटाने साताऱ्याला चल, चढ-उतार आहेत, गिअर बदलायला भरपूर वाव आहे. काटा साडेपाच हजारांच्या वर गेला तर मी खंबाटकीत उतरून एसटीने परत येईन.