ठेव ठेवा, चौकशा नको

भाऊ, कापूस विकून चार पैसे उरलेच, (तसा योग क्वचित येतो), तर सरळ एफडी करा अन् मोकळे व्हा. व्याज किती, एवढंच विचारायचं. पैसे पुढे कोणाला दिले हे विचारणं म्हणजे पंगतीत बसून आचाऱ्याकडं किराण्याचं बिल मागणं. शोभते का?

नेदरलँड्समधल्या १९८० साली सुरू झालेल्या ट्रायोडॉस बँकेला हीच खोड. कर्ज कोणाला दिलं, त्यांची नावंच जाहीर करते. सेंद्रिय शेतीला, पवनचक्कीला देते. शस्त्रांच्या कारखान्याला नाही. आपल्याला कशाला ती भानगड? पासबुकाचं मशीन चालू दिसलं तरी आपण भरून पावतो.

तसा नियम इथंही आहे. व्यापारी बँकांनी ४० टक्के कर्ज प्राधान्य क्षेत्राला, म्हणजे शेती, छोटे धंदे असल्यांना द्यावं, त्यात १८ टक्के शेतीला. पण २०१६ पासून सोय झाली. कोटा भरला नाही, तर दुसऱ्या बँकेकडून प्रमाणपत्र विकत घ्यायचं. कर्ज तिनं दिलेलं, पुण्य हिच्या नावावर. कोणाच्या वावरात पाय ठेवायचं काम नाही.

तुम्हालाच कर्ज लागलं, तर मे महिन्यात, ऊन ४५ अंशांवर गेलं की निघा. सातबारा, आठ-अ, गावातल्या सगळ्या बँकांचे नो ड्यूज सोबत असू द्या. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही, हे मात्र साहेबांसमोर बोलू नका, उगाच त्यांचं मन दुखते. ट्रॅक्टर घेत असाल तर शोरूममध्येच काम होते. ठिबकची फाइल असेल तर डबा घेऊन या.

अन् मार्चमध्ये नवं-जुनं करायला विसरू नका. सकाळी सावकाराकडून शेकडा तीन रुपयांनी पैसे उचला, बँकेत भरा. चार दिवसांनी तेच कर्ज पुन्हा काढा, संध्याकाळच्या आत सावकाराच्या हातात द्या. कागदावर तुम्ही नियमित खातेदार, शाखेची वसुली झकास, अन् सावकाराला चार दिवसांत महिन्याचं व्याज. कोणी उपाशी राहिलं नाही, तुम्ही सोडून. समाजाचं कल्याण म्हणतात ते हेच असावं.

फक्त बचत गटाच्या बैठकीपासून दूर राहा. तिथं बाया सतरंजीवर बसून एकेक कर्ज मोठ्यानं वाचतात. शेळीसाठी पाच हजार, पोरीच्या फीसाठी तीन. कोणी घेतलं, कशाला, हप्ता आला का, सगळं चारचौघींत. नवऱ्याच्या दारूसाठी कोणी मागितले, तर अध्यक्षीणबाई तिथंच रजिस्टर मिटते. ही सवय घरात शिरली अन् उद्या वहिनी एफडीची पावती घेऊन शाखेत उभ्या राहिल्या, "आमचे पैसे कोनाले देल्ले, थे सांगा" म्हणाल्या, तर साहेबांना त्यांच्यासाठी चहा मागवावा लागेल. आणि चहावाल्याची मुद्रा कर्जाची फाइल अजून त्यांच्याच टेबलावर पडून आहे.