पाऊस, वारा आणि रानटी टर्की

पाऊस पडू लागला की रानटी टर्की झाडीत दडून बसतात आणि शिकाऱ्याचा दिवस वाया जातो, हे टर्कीच्या शिकारीवरील एका लेखात वाचलेले विधान मला अर्धेच खरे वाटते. अमेरिकेतील मिझुरी राज्यात एप्रिलमधल्या शिकारीच्या वसंत हंगामात अनेकदा याच्या उलट दिसते. पानांवर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजात शत्रूची चाहूल लागत नाही, म्हणून मुख्यतः नजर आणि कान यांवर विसंबणारा हा पक्षी रिमझिम पावसात मोकळ्या कुरणात किंवा शेतात येऊन उभा राहतो, जिथे निदान दूरवरचे स्पष्ट दिसते. जोराच्या वाऱ्यातही तो बहुधा आडोशाच्या उतारावर किंवा सखल भागात सरकतो. अशा दिवशी नराची साद कमी ऐकू येते, मात्र तो गप्प झाला, की त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचला नाही, हे ठरवणे अवघडच असते (आणि दोष नेहमी पक्ष्यालाच दिला जातो!). थंडीच्या लाटेने विणीचा हंगाम लांबणीवर पडतो, असेही त्या लेखात सुचवले आहे. वस्तुतः विणीची चाहूल प्रामुख्याने वाढत्या दिवसमानामुळे लागते, हवामान फक्त त्या त्या दिवसाचा उत्साह कमीजास्त करते. थंड पावसाचा खरा फटका पुढे, अंगावर पुरेशी पिसे न आलेल्या पिल्लांना बसतो.