आधी जात विचारा

कुत्रा दिसला की पहिला प्रश्न कुठला विचारायचा, हे पुण्यात कुणाला शिकवावं लागत नाही. "कुठली जात?" माणसाला हाच प्रश्न थेट विचारणं आता जरा अवघड झालंय. तिथे आधी आडनाव, मग मूळ गाव, मग "म्हणजे तुमच्यात श्रावण पाळतात का हो?" असे वळसे घेत जावं लागतं. कुत्र्याच्या बाबतीत ती अडचण नाही. भर लिफ्टमध्ये, मोठ्याने, मालकाच्या तोंडावर विचारता येतं. मालकही खूश होऊन सांगतो आणि वर मोबाइलमधला कागद दाखवतो. तेव्हा ठरावीक जातींच्या कुत्र्यांवर कायद्याने बंदी घालावी की नाही या वादात तुम्हाला उतरायचंच असेल, तर निम्मी तयारी तुमची लहानपणीच झालेली आहे. उरलेली मी करून घेतो.

तुम्ही बंदीच्या बाजूचे असाल तर यादी पाठ करा. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने मार्च २०२४ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र धाडलं होतं: अमुक २३ जातींचे कुत्रे माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत, त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, परवाने देऊ नका, आणि जे आधीच घराघरांत आहेत त्यांची नसबंदी करा. हे पत्र तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका संध्याकाळी निदान पाच जणांनी तरी टाकलं असेल. सहावे तुम्ही व्हा, पण वाचायच्या भानगडीत पडू नका. वाचलंत की घोळ सुरू होतात. यादीत वर 'टोसा इनू' आहे आणि खाली पुन्हा 'जपानी टोसा'. दोन्ही एकच कुत्रा, पण मतदारयादीत नाही का एकच माणूस दोनदा सापडत, तसा. पुढे एके ठिकाणी नुसतंच 'टेरियर' असं लिहिलंय. टेरियर म्हटलं की त्यात यॉर्कशायर टेरियरही आला, वजन तीन किलो, केसांना रिबीन, मुक्काम मालकिणीच्या पर्समध्ये. आणि सगळ्यात शेवटी 'बॅन डॉग' म्हणून ओळखला जाणारा प्रत्येक कुत्रा. बंदीच्या यादीत ज्याचं नावच बॅन, त्याने दाद तरी कुठे मागायची?

सभेत बोलताना मात्र टेरियरला हात घालू नका. टोर्न्याक, कांगाल, अकबाश अशी नावं घ्या. हे बाल्कनमधले आणि तुर्कस्तानातले मेंढ्या राखणारे कुत्रे. कोथरूडमध्ये ते कुणी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुमचं म्हणणं खोडून काढणाराही कुणी निघणार नाही. आपल्याकडे ज्याला उच्चार येतो तो तज्ज्ञ.

एक गोष्ट तेवढी बाहेर फुटू देऊ नका. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. ज्यांचा या सगळ्याशी संबंध, त्यांना कुणाला विचारलंच नव्हतं, हे त्यातलं एक मोठं कारण. हे कारण एकदा ग्रुपवर गेलं की लोक आपल्या पार्किंगच्या ठरावाकडे वळतील.

आता तुम्ही दुसऱ्या बाजूचे, म्हणजे कुत्रेवाले असाल, तर तुम्हाला काहीच पाठ करायला नको. तुमच्याकडे एकच वाक्य आहे आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय: "काही करत नाही तो."

हे वाक्य कधी म्हणायचं याला महत्त्व आहे. आमच्या लिफ्टमध्ये परवा सहाव्या मजल्यावर दार उघडलं आणि एक रॉटवायलर आत आला. पन्नासेक किलोचा असावा. त्याच्यामागे त्याला फिरवायला ठेवलेला पोरगा, पायात क्रॉक्स, साखळी मनगटाला दोन वेढे देऊन. त्या मुलाचं वजन कुत्र्याहून जास्त असेल असं मी खात्रीने सांगणार नाही. फिरायला कोण कुणाला नेत होतं ते पाचव्या मजल्यापर्यंत मला कळलं होतं. चौथ्याला लाळेचा एक जाड थेंब माझ्या चपलेवर पडला. तिसऱ्याला कुत्र्याने माझ्या हातातल्या चितळ्यांच्या पिशवीत नाक घातलं. दुसऱ्याला पोरगा फोनमधून वर न बघता म्हणाला, "काही करत नाही तो, काका." तळमजल्यावर खुद्द मालक उभे होते. ते हसून म्हणाले, "लहान मुलांची फार आवड आहे हो त्याला." कसली आवड, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं.

असा कुत्रा तयार कसा करायचा, हे बऱ्याच होतकरू मालकांना नीट माहीत नसतं, म्हणून थोडं सविस्तर. पिल्लू घेताना 'डबल बोन' (म्हणजे जाडजूड हाडाचा) आणि 'विथ पेपर' (म्हणजे वंशावळीच्या कागदासकट) हे दोन शब्द सोडून काहीही विचारू नका. आई कुठे आहे, ती स्वभावाने कशी आहे, असले चौकस प्रश्न विक्रेत्याला आवडत नाहीत. पिल्लाचा तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. याच दिवसांत ते माणसं, मुलं, रिक्षा, कुकरची शिट्टी, ढोल-ताशा या सगळ्यांना सरावतं. तेव्हा या काळात त्याला काही म्हणजे काही दाखवू नका. मागच्या गॅलरीत ठेवा. मोठा झाला की गच्चीवर आखूड साखळीने बांधा, आणि अनोळखी माणसावर गुरगुरला की "वाघ आहे वाघ!" म्हणून पाठ थोपटा. नसबंदीचा विषय काढणाऱ्या डॉक्टरकडे पुन्हा जाऊ नका. दीड-दोन वर्षांत कुत्रा अगदी यादीत शोभेल असा होतो. मग तो जड जायला लागला की मुळशीकडे कुणा मित्राचं फार्महाऊस असतंच. तिथे त्याला 'मोकळी हवा' मिळते आणि तिथल्या गुराख्यांना नवी काळजी. वाढदिवसाचा फ्लेक्स मात्र दरवर्षी चौकात लागला पाहिजे, गॉगलसकट.

आता माझ्या चाव्याबद्दल. हो, मला कुत्रा चावलेला आहे, म्हणून तर सल्ला द्यायचा अधिकार. प्रभात रोडच्या एका गल्लीत मुंजीची पत्रिका द्यायला गेलो होतो. फाटकावर पाटी: 'कुत्रा मोकळा आहे. बेल एकदाच वाजवावी. वाट पाहावी.' मी तिन्ही सूचना पाळल्या. जास्वंदीच्या मागून एक पांढराशुभ्र पॉमेरियन आला, कापसाच्या पेळूसारखा, आणि एक अक्षर न भुंकता त्याने माझी डावी पोटरी धरली. म्हणीवर विसंबून राहणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. काकू बाहेर आल्या. पहिलं वाक्य, "अगंबाई, चावला? काही करत नाही हो तो." दुसरं वाक्य, "तुम्ही घाबरलात ना, त्यांना कळतं ते." तिसऱ्या वाक्यात त्यांनी पत्रिका मागितली.

बागेतल्या नळाखाली पंधरा मिनिटं साबणाने पोटरी धुतली. मग दवाखाना. तिथे मिळालेलं पिवळं कार्ड अजून माझ्या पाकिटात आहे: दिवस ०, ३, ७, २८. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाळलेला की रस्त्यावरचा? लस टोचलेली आहे का? आता कुठे आहे, त्याच्यावर लक्ष ठेवता येईल का? जात त्यांनी विचारली नाही. मी आपण होऊन सांगितली तर त्यांनी लिहूनसुद्धा घेतली नाही. कार्डावर तसा रकानाच नव्हता. इतक्या शिकलेल्या बाई, पण मुद्द्याचंच विसरल्या!

खरं तेही सांगतो. माझ्या पोटरीत तो कापूस होता म्हणून चार टोच्यांवर भागलं. तिथे लिफ्टमधला तो असता तर हा लेख कदाचित दुसऱ्या कुणी लिहिला असता, माझ्याविषयी. मोठ्या जबड्याचा कुत्रा बिघडला तर काय होतं, ते ज्या घराने सोसलंय त्यांना 'त्याला फक्त प्रेम कळतं' छापाची वाक्यं ऐकवायला जाऊ नये. पण असा फरक करत बसलात तर वाद रंगत नाही, म्हणून हा परिच्छेद सभेत गाळा.

आता पुन्हा बंदीवाल्यांसाठी. विरुद्ध बाजूचा एखादा वाचणारा माणूस तुम्हाला 'सायन्स' नियतकालिकातला २०२२ चा अभ्यास दाखवेल. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती गोळा केली आणि निघालं काय, तर एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो. गडबडून जाऊ नका. "नऊ टक्के? आमच्या वेळी पस्तीसला पास करायचे," असं म्हणा आणि चहा मागवा.

मग तो परदेशाची उदाहरणं काढेल. हॉलंडने १९९३ पासून पिटबुलवर बंदी ठेवली आणि चावे काही कमी होईनात म्हणून २००८ मध्ये ती गुंडाळली. तुम्ही म्हणा, तो सायकलवाल्यांचा देश, त्यांचं काय घेऊन बसलात. आम्हीही कधीकाळी होतो. आणि लगेच ब्रिटनकडे वळा, कारण तिथे तुमच्या उपयोगाचा माल आहे. त्यांनी १९९१ च्या कायद्यात चार जाती घातल्या आणि २०२३ च्या शेवटी त्यात एक्सएल बुली वाढवला. हा एक्सएल बुली तिथल्या केनेल क्लबच्या दप्तरी जात म्हणून नाहीच. मग ओळखायचा कसा? मोजून! पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी ५१ सेंटिमीटर किंवा त्याहून उंच, मादी ४८, शिवाय डोकं असं, छाती तशी. शिंप्याची टेप घेऊन पोलीस दारात. आईबाप कोण होते याला तिथे महत्त्व नाही; दिसतो कसा, त्यावर जात ठरते. आता ही कल्पना आमच्या मंडळींच्या गळी उतरवणं जड गेलं. आईबापांवरून न ठरणारी जात म्हणजे काय, हेच कुणाला कळेना. ए विंगच्या आजोबांनी तर विचारलं, मग जातवैधता प्रमाणपत्र द्यायचं कशाच्या आधारावर?

एका कलमाबद्दल मात्र कुठेही ब्र काढू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी जो घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेतही हे होतंच, दंड तेवढा हजार रुपये होता. या कलमात गैरसोय अशी की जात विचारायची सोयच नाही. पॉमेरियन, रॉटवायलर, झालंच तर बैलसुद्धा एकाच ओळीत. तिथे पोलीस कुत्र्याचं नाव लिहीत नाहीत, मालकाचं लिहितात. आणि मालक म्हणजे कोण? बी विंगचे माजी खजिनदार. गणपतीची वर्गणी सगळ्यात जास्त त्यांची. तक्रार द्यायला कोण जाणार, तुम्ही? टोर्न्याकवर बंदी घालणं त्यामानाने फार सोपं. टोर्न्याक पार्किंगमध्ये भेटत नाही, त्याची बायको आपल्या बायकोच्या भिशीत नसते.

आमच्या सोसायटीत आम्ही हा सोपा मार्ग धरला. वार्षिक सभेत ठराव आला: यादीतल्या जातींना आवारात मनाई. एका वकीलबाईंनी उठून भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून दाखवली, की बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. चेअरमनकाकांनी दोन मिनिटं छताकडे पाहिलं आणि 'मनाई' खोडून 'नम्र विनंती' केलं. ठराव एकमताने मंजूर. पट्टा लावा, फिरवणारा माणूस कुत्र्याला आवरू शकेल असा ठेवा, लसीचा दाखला दाखवा, असंही कुणीतरी मागून म्हणत होतं, पण तोवर बटाटेवडे आले होते.

तोडगा म्हणून गेटवर रजिस्टर ठेवायचं ठरलं. रकाने आखायचं काम माझ्याकडे आलं: फ्लॅट नंबर, कुत्र्याचं नाव, जात, बाहेर जाण्याची वेळ, येण्याची वेळ. पट्टा आणि लस हे दोन रकाने मी पेन्सिलीने आखले होते, पण पान पुरेना. वॉचमनमामांना सांगितलं, प्रत्येक मालकाला थांबवून जात विचारायची आणि ते सांगतील ते जसंच्या तसं लिहायचं, स्वतःची अक्कल लावायची नाही.

परवा महिना झाला म्हणून रजिस्टर तपासायला घेतलं. अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही. सहाव्या मजल्यावरचा सिंबा, दुसऱ्यावरची राणी, सी विंगचे दोन बीगल, शेजारच्या बंगल्यातून येणारा ब्रूनो. जातीच्या रकान्यात सगळ्यांपुढे एकच नोंद होती: 'काही करत नाही.'