तुमच्या गाडीला कंडक्टर आहे का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार काका. तुम्ही नाव फक्त 'जुना ड्रायव्हर' असं दिलंय आणि पस्तीस वर्षं स्टिअरिंग हातात आहे म्हणताय, म्हणून काका म्हणते. रागावू नका.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 'गाडी रिव्हर्सनंच लावा' या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं की हे पुण्याकडचं फॅड आहे. आपल्या साताऱ्यात मोती चौकात संध्याकाळी एक बाई रिव्हर्स टाकून मागंपुढं करत बसली की मागं दहा गाड्या हॉर्न मारतात. नाक घालून लावली तर दोन सेकंदांत काम होतं, आणि निघताना कॅमेरा आहेच, सेन्सर आहेच. एसटीसुद्धा फलाटाला नाक लावूनच उभी राहते, मग एसटीचे ड्रायव्हर अडाणी का? शिवाय सायलेन्सरचा धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जातो. आणि शेवटी, 'जत्रेतली ट्रॅक्टर रिव्हर्सची स्पर्धा लावलीय काय?'

हे शेवटचं वाचून मी खरंच हसले. आमच्या गावच्या जत्रेत ती स्पर्धा मी पाहिली आहे. ट्रॉली उजवीकडं न्यायची तर स्टिअरिंग डावीकडं फिरवावं लागतं, आणि तरी पोरं ट्रॉली खुणेच्या काठ्यांमधनं धक्का न लावता मागं नेतात. त्यांच्यापुढं आपली वॅगन आर म्हणजे खेळणं. पण तुम्हाला ते कौतुक अपेक्षित नव्हतं, हे कळलं.

एसटीपासून सुरुवात करते, कारण तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा तोच आहे. मला गाडी खऱ्या अर्थानं शिकवली ती आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त एसटी चालकांनी. (ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रिव्हर्स गिअर कुठं असतो एवढंच शिकवलं होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत, त्यातल्या वाहनचाचणीच्या यादीत मर्यादित जागेत गाडी मागं घेऊन वळवणं स्पष्ट लिहिलंय. माझ्या चाचणीत गाडी वीसेक फूट सरळ मागं घेतली आणि 'झालं' म्हणाले.) तर तुमचाच प्रश्न मी तेव्हा त्या काकांना विचारला होता, एसटी नाक घालून का लावता म्हणून. ते म्हणाले, लोकांना पाटी दिसायला पाहिजे. पुढची पाटी फलाटाकडं असली की म्हातारी माणसंसुद्धा बाकड्यावर बसून वाचतात, आणि गाडीकडं जायला पोरंबाळं घेऊन स्टँडच्या आवारात शिरावं लागत नाही. आणि निघताना? निघताना कंडक्टर खाली उतरतो. मागं उभा राहतो, शिट्टी मारतो, लोकांना हाकलतो, पत्र्यावर थाप मारून 'येऊ दे, येऊ दे' करतो. शिट्टी थांबली की ब्रेक. 'शिट्टीशिवाय मी एक फूट मागं गेलो नाही कधी,' हे त्यांचं वाक्य.

म्हणजे एसटी नाक घालून लावते खरी, पण बाहेर काढायला दुसरा माणूस ठेवते. तुमच्या गाडीला कंडक्टर आहे का, काका? माझ्या नाही. सकाळी साडेनऊला मी एकटीच असते.

आता आमचा बोळ. वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्याला उतरणारे जे बोळ आहेत त्यातलाच एक, पंधरा फूट रुंद. वाडा पाडून अपार्टमेंट झालं, खाली खांबांमध्ये पार्किंग, आणि खांब संपला की लगेच रस्ता, मध्ये फूटपाथ नाही. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं, हे मी तुम्हाला सांगायला नको. या उतारावर निम्म्या दुचाक्या इंजिन बंद करून, नुसत्या ब्रेकवर उतरतात. पेट्रोल वाचतं म्हणे! आवाज शून्य. आता बॅटरीच्या स्कूटर आल्यात, त्यांना तर बंद करायचंही कारण नाही.

यात तुमचा सेन्सर काय करणार? १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, माझ्या गाडीलाही आहेत आणि खांब-भिंतीसाठी उत्तम आहेत. पण ते ओरडतात दीडेक मीटरवर. वीसच्या स्पीडनं उतरणारी स्कूटर दीड मीटर पाव सेकंदात पार करते. 'टीं' ऐकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत ती माझ्या डिकीत असेल. कॅमेऱ्याचं तेच. तो सरळ मागचं दाखवतो, पण बाजूनं उतरून येणारा त्याच्या कोपऱ्यात शिरतो तेव्हा फार जवळ आलेला असतो. पुढच्या काचेतनं मी दोन्हीकडं मान वळवून बघू शकते. आणि बोळातली माणसं बाहेर येणारं नाक बघून थांबतात, गाडीची पाठ बघून थांबतीलच असं नाही, हा माझा अनुभव.

तुम्ही म्हणाल, आत जाताना रिव्हर्स घेतेसच की, तेव्हा नाही का स्कूटर येत? येते. पण तेव्हा मी त्याच बोळातनं नुकतीच आलेली असते. मागं कोण आहे, कुठल्या दारात पोर खेळतंय, हे पाहिलेलं असतं, आणि मी मागं जाते ती रिकाम्या कोपऱ्यात, जिथं फक्त खांब आहेत. सकाळी निघताना मला बाहेरचं काहीच माहीत नसतं.

दुसरी गोष्ट जागेची, आणि इथं तुमचं 'दोन सेकंद' मला अजिबात पटत नाही. गाडीची वळणारी चाकं पुढं, मागची चाकं आपली गुपचूप मागोमाग. त्यामुळं पुढं जाताना मागची बाजू आतून कातरत येते. वळणावर उसाची ट्रॉली कशी आतल्या अंगाला घासत जाते, तसंच. नाक घालून दोन खांबांत शिरताना म्हणूनच मागचं दार खांबाला लागतं. आणि बाहेर येताना आणखी पंचाईत. नाक खांबांतनं सुटल्याशिवाय स्टिअरिंग फिरवता येत नाही, फिरवलं तर नाक उलट्या बाजूला फेकलं जातं आणि बंपर खांबावर. माझी गाडी ३६५५ मिलिमीटर, म्हणजे बरोबर बारा फूट. ती जवळजवळ सगळी सरळ बाहेर काढायची तर पंधरा फुटांच्या बोळात समोरच्या भिंतीला राहतात तीन फूट. मग पुढं-मागं, पुढं-मागं. तेच उलटं लावलं की वळणारी चाकं मोकळ्या बोळात राहतात, मागची बाजू खांबांत बसते, आणि ज्या वाटेनं गाडी मागं आत गेली त्याच वाटेनं पुढं बाहेर येते.

नाक फेकलं जातं ते आत जाताना मात्र विसरू नये. मी विसरले होते. दोन्ही डोळे मागं ठेवून वळवली आणि पुढच्या कोपऱ्यानं समोर लावलेली एक स्कूटर आडवी केली. मडगार्ड बदलून दिलं आणि आठ दिवस त्या घरापुढून मान खाली घालून गेले.

मोती चौकाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, आणि तिथं लेख चुकलाच. वाहत्या बाजारात, मागं रांग लागलेली असताना, हट्टानं रिव्हर्स टाकणं म्हणजे लोकांच्या शिव्या खाणं. रस्त्याच्या कडेला तिरक्या पट्ट्या मारलेल्या असतील तिथंही पट्टीच्या दिशेनंच लावावी. डिकीत धान्याची पोती टाकायची असतील तर कोण उलटी लावेल? 'नाक घालणारे आळशी' हे वाक्य मी काढून टाकलंय. तुमच्यासारख्या पस्तीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला ते लागणारच, आणि ते खरंही नव्हतं. नाक घालणारे बहुतेक आळशी नसतात, त्यांना मागं घ्यायची धास्ती असते. मलाही होती. ती गेली शाहूपुरीतल्या एका मोकळ्या प्लॉटवर, प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांमध्ये गाडी घालून घालून. अर्ध्या क्लचवर, बाजूचा आरसा मागचं टायर दिसेल इतका खाली करून, आणि बिघडलं की न लाजता पुढं येऊन पुन्हा. तीन रविवार गेले. एक खुर्चीही गेली.

राहता राहिला धूर. आमच्या पार्किंगला लागून तळमजल्यावर एका आजींची खिडकी आहे आणि माझा सायलेन्सर तिच्याच खाली येतो, हे तुमची प्रतिक्रिया वाचेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. म्हणून काल जाऊन विचारलं, उद्यापासून नाक आत करून लावू का म्हणून. त्या म्हणाल्या, 'नको गं बाई. त्या वरच्या मजल्यावरच्याची गाडी तशी येते, रात्री दोन्ही लाइट थेट माझ्या उशीवर. तुझा धूर बरा. फक्त गाडी चालू ठेवून फोनवर बोलत बसतेस ना, ते बंद कर.'