मध टिकतो, म्हणून तो बाळाला चाटवायचा नसतो

गुरुवारी रात्री दुकानाचं शटर ओढत होते, तेवढ्यात ताईचा फोन. माझी भाची बाळंतपणासाठी सांगलीला माहेरी आली आहे, बाळ साडेतीन महिन्यांचं. ताई म्हणाली, "तुझ्याकडं चांगला मध कुठला आहे गं? येताना एक बाटली घेऊन ये. घरातला संपत आलाय." एवढा मध कुणाला लागतोय, म्हणून विचारलं. "बाळाला. गुटीत घालतेय की रोज. तो मेसेज वाचला नाहीस व्हय?"

नव्हता वाचला. मग तासाभरात तोच मेसेज मला चार ग्रुपवर दिसला. 'रोजच्या वस्तूंची 9 गुपितं, जी 99 टक्के लोकांना माहीत नाहीत'. त्यातलं तिसरं असं: 'मध कधीच खराब होत नाही. इजिप्तच्या थडग्यात सापडलेला तीन हजार वर्षांचा मध आजही खाता येतो. याचा अर्थ मधात एकही जंतू जगू शकत नाही. म्हणूनच आपले पूर्वज नवजात बाळाला मध चाटवत. रोज एक बोट मध द्या, बाळाला कफ होत नाही, बुद्धी तल्लख होते, बोलणं लवकर फुटतं.'

मिरजेत माझं औषधाचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. दुकानात येणारं माणूस काय वाचून आलंय ते मला त्याच्या पहिल्या वाक्यावरून कळतं आणि बहुतेक वेळा मी समजावून सांगते. पण या वेळी ते माझ्याच घरात, साडेतीन महिन्यांच्या लेकराच्या जिभेपर्यंत पोचलं होतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय. बाकीच्या गुपितांचं नंतर बघू.

मध टिकतो, हे खरं आहे. नीट झाकण लावलेला मध वर्षानुवर्षं राहतो. त्यात पाणी फार कमी असतं, आपल्याकडच्या नियमाप्रमाणे 20 टक्क्यांच्या वर नसावं. साखर इतकी दाट की जंतूच्या अंगातलंच पाणी ओढून घेते. वर मध आंबट असतो, आणि मधमाशीच्या ग्रंथींतून आलेल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) त्यात थोडं जंतुनाशक हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होत असतं. अशा ठिकाणी जंतू वाढत नाहीत. पण 'कधीच खराब होत नाही' हे अर्धंच खरं. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं की मध हवेतलं पाणी ओढतो, वर फेस येतो, आंबूस वास सुटतो. तो फसफसलेला मध आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो.

खरी चूक पुढच्या वाक्यात आहे. वाढत नाहीत म्हणजे मेले, असं नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा एक जंतू मातीत, धुळीत सगळीकडे असतो. परिस्थिती वाईट झाली की तो स्वतःभोवती जाड कवच करतो आणि बी पडून राहावं तसा पडून राहतो. ही बीजं धुळीतून, फुलांवरून, माशीच्या पायांना चिकटून पोळ्यात येतात. मधात ती उगवत नाहीत आणि मरतही नाहीत. म्हणजे ज्या मधाच्या टिकाऊपणाचं एवढं कौतुक चाललंय, त्याच मधात तीही टिकून राहतात.

मोठ्या माणसानं तो मध खाल्ला तर काही होत नाही. आपल्या पोटातलं आम्ल आणि आतड्यातले नेहमीचे चांगले जंतू त्या बीजांना रुजू देत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून बसलेली नसते. तिथं बी उगवतं, वाढतं आणि विष सोडायला लागतं. हे विष मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोपच अडवतं. सुरकुत्या घालवायला अगदी सूक्ष्म मात्रेत जे बोटॉक्स टोचतात ना, ते हेच विष. बाळाच्या बाबतीत ते आतड्यात तयार होतं आणि सगळ्या अंगात जातं.

आधी बाळाला शी होत नाही. मग रडणं बारीक होतं, दूध ओढायला ताकद राहत नाही, पापण्या जड होतात, धरलेली मान लटकायला लागते. पुढं श्वासाचे स्नायू दमतात. वेळेवर दवाखान्यात नेलं तर बहुतेक बाळं बरी होतात, पण त्यासाठी कित्येक आठवडे तिथं काढावे लागतात, काहींना श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागतं. एक बोट मधासाठी.

हे काही माझं मत नाही. बाळांमधला हा आजार, म्हणजे बोट्युलिझम, 1976 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात ओळखला गेला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच त्याचा मधाशी संबंध दिसून आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या बोट्युलिझमवरच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय की एक वर्षाच्या आतल्या बाळांना मध देऊ नये. त्याच संघटनेचं दुसरं सांगणंही अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेलं असतं: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. माझ्या दुकानातल्या मधाच्या बाटल्या मी दुसऱ्या दिवशी सकाळी एकेक करून फिरवून बघितल्या. काही बाटल्यांवर मागच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत हीच सूचना आहे. ती वाचायला मलाच चष्मा वर-खाली करावा लागला. साठीच्या पुढच्या आजीला ती दिसणार कशी?

ताईनं त्या रात्री मला जे विचारलं, तेच सगळे विचारतात. "आपण सगळे मध चाटूनच मोठे झालो की. आपल्याला काय झालं?" त्याचं उत्तर मी तिला फोनवर दिलं, इथंही देते. हा आजार दुर्मीळ आहे, हे मला मान्य आहे. तो फक्त मधामुळेच होतो असंही नाही. कित्येक बाळांना ती बीजं नुसत्या धुळीतून मिळतात, आणि धूळ कुणाला टाळता येत नाही. पण मध टाळता येतो. आणि 'आपल्याला' म्हणताना आपण जगलेल्यांचीच डोकी मोजतो. आमच्या आजीची दोन मुलं सहा महिन्यांच्या आत गेली. काय झालं होतं, विचारलं की ती एवढंच म्हणायची, "बाळानं मान टाकली." ती मधामुळे गेली असं मी म्हणत नाही, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण कारण कुणी शोधलंच नव्हतं, तर मधानं कधी कुणाला काही झालं नाही हे आपण कशाच्या जोरावर सांगतो?

उकळून दिला तर? नाही. ही बीजं साध्या उकळीनं मरत नाहीत, त्यांना दाबाखाली 121 अंशांची उष्णता लागते. आणि गंमत म्हणजे याच मेसेजच्या चौथ्या गुपितात 'मध गरम केला की त्याचं विष होतं' असंही लिहून ठेवलंय.

बाळाला आम्ही सकाळीच बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. नऊ दिवस मध गेला होता. बाळ व्यवस्थित आहे, दूध नीट ओढतंय. डॉक्टर ताईला रागावले नाहीत. मध आणि गुटी दोन्ही बंद करा, महिनाभर शी, रडणं आणि मान याकडं लक्ष ठेवा, काही वेगळं वाटलं तर रात्र असली तरी या, एवढंच म्हणाले. ताई घरी आली आणि तिनं सहाण, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ सगळं एका फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलं. चांदीचं बोंडलं तेवढं धुऊन कपाटात ठेवलं. मला तिचं वाईट वाटलं. तिनं प्रेमानंच केलं होतं. बारशाच्या आधी सोन्याच्या अंगठीनं मध-तूप चाटवायची रीतही आमच्याकडं आहे. ज्यांना ती पाळायची असेल त्यांनी मध घरातल्या मोठ्यांच्या जिभेला लावावा, बाळाच्या नाही.

आणि मधावर माझा राग नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे मधाचं गाव म्हणून 2022 मध्ये जाहीर झालं, तिथल्या लोकांच्या कष्टाचा मध मी स्वतः विकत घेते. वर्ष उलटलेल्या मुलाला खोकल्यात रात्री चमचाभर मध दिला तर आराम पडतो, तेवढं त्या मेसेजमधलं खरं आहे. वर्ष उलटल्यावर.

चौथ्याच गुपितात शुद्ध मध ओळखायची युक्तीही दिली आहे: 'ग्लासभर पाण्यात थेंब टाका, न विरघळता तळाशी गेला तर अस्सल.' मी शनिवारी दुपारी ओट्यावर दोन ग्लास ठेवले. एकात मध सोडला, दुसऱ्यात कराडकडच्या गुऱ्हाळातली काकवी. दोन्ही जाड दोरीसारखे सरळ तळाला गेले आणि तिथं वेटोळं घालून बसले. काकवी तर जरा जास्तच ऐटीत बसली. त्या परीक्षेत दाटपणा कळतो, शुद्धपणा नाही. 2020 च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं 13 ब्रँडच्या मधाचे 22 नमुने तपासले. सगळ्याच्या सगळ्या चाचण्यांत पाचच नमुने उतरले. त्यांचं म्हणणं होतं की भेसळीचा साखरेचा पाकच असा बनवला जातो की प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचण्यांनाही तो सापडू नये. जिथं यंत्रं फसतात, तिथं पाण्याचा ग्लास काय सांगणार?

पाचवं गुपित वाचून माझ्या सासरच्यांचं रक्त तापलं, कारण त्यांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. 'द्राक्षावरचा पांढरा थर म्हणजे फवारलेलं विष.' तो थर वेलीचा स्वतःचा आहे. ते मेण आहे. मणी अंगठ्यानं पुसला की खालची चकचकीत साल दिसते, आणि न पुसलेल्या मण्यावर पाण्याचा थेंब गोल होऊन घरंगळतो. हे मेण मण्यातलं पाणी आत धरून ठेवतं. बेदाणा करणाऱ्यांना ते चांगलंच माहीत असतं, कारण त्यांना आधी त्याच मेणाशी झगडावं लागतं. तोडलेली द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात, मेणाचा थर सैल होतो, मगच शेडमधल्या जाळीवर माल लवकर वाळतो. नुसताच टाकला तर कितीतरी जास्त दिवस लागतात. फवारण्या होतात, हे मी नाकारणार नाही. घरच्या बागेतली द्राक्षंसुद्धा आम्ही धुऊनच खातो. पण पांढरा थर बघून पेटी परत करणारं गिऱ्हाईक ताज्या, कमी हाताळलेल्या मालालाच नाव ठेवत असतं.

सहावं, 'रेशनच्या तांदळात प्लॅस्टिकचे दाणे'. यानंही नुकसान होतं, कारण बायका ते दाणे वेचून फेकून देतात. ते पोषणयुक्त तांदळाचे दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून दाण्याच्या आकारात काढतात आणि शंभर दाण्यांमागे साधारण एक या हिशेबानं मिसळत आले आहेत. रंग थोडा वेगळा दिसतो, काही पाण्यावर तरंगतात. जिला रक्त कमी म्हणून माझ्याकडून लोहाच्या गोळ्या न्याव्या लागतात, तीच बाई घरी ते दाणे वेचून टाकत असते.

सातवं म्हणतं, पेनच्या टोपणाला भोक असतं ते शाई वाळू नये म्हणून. भोकानं शाई वाळायला मदतच होईल. ते भोक लहान मुलांसाठी आहे. टोपण गिळलं आणि घशात अडकलं तर मधून थोडी हवा जात राहावी म्हणून. त्यासाठी आयएसओ 11540 नावाचं आंतरराष्ट्रीय मानकच आहे. अख्ख्या यादीत लेकरांचा जीव वाचवणारी एकच गोष्ट होती, आणि तिचंच कारण चुकीचं लिहिलंय.

पहिलं गुपित खरं आहे. वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येत केळं बेरी आहे आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बेरी नाही, तिच्या अंगावरचे ते बारीक दाणे म्हणजे तिची खरी फळं. दुसऱ्यात काडेपेटीच्या काडीला फॉस्फरस असतो म्हटलंय, तो काडीला नसून पेटीच्या कडेच्या पट्टीवर असतो. आठवं-नववं झाडू कुठल्या दिशेला ठेवावा याबद्दल आहे, ते मी सोडून देते.

काल दुपारी एक तरुण आला, मोबाइल पुढं केला आणि म्हणाला, "यातला मध द्या, बाळाला द्यायचाय." बाळ किती महिन्यांचं, विचारलं. पाच. मी बाटली काढली, पण गल्ल्याजवळ उलटी ठेवली, मागची बारीक अक्षरं त्याच्याकडं करून. त्यानं वाचली, मग मोबाइलवरचा मेसेज परत वाचला, आणि बायकोला फोन लावत दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. "सकाळी दिलास का?" एवढंच मला ऐकू आलं.